खोट्या शहरातलं आमचं हॉटेल

दिवसभर साहेबाची बोलणी खायची, संध्याकाळी घरी यायचं, हातपाय धुवायचे, कॉम्प्युटर सुरू करायचा आणि आपणहून दुसरा साहेब शोधून त्याच्यापुढे उभं राहायचं, याला हल्ली करमणूक म्हणतात. हे मी ऐकीव सांगत नाही. तो दुसरा साहेब माझ्याच घरात, बाहेरच्या खोलीत, बनियन घालून बसलेला असायचा आणि त्याला चहा मीच नेऊन द्यायची.

तो म्हणजे आमचे हे. इंदूरजवळ पीथमपूरच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळायचे. कारखान्यानं माणसं कमी करायला काढली तेव्हा मुदतीआधी निवृत्ती घेऊन घरी बसले. मी एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला, त्यामुळे घराची काळजी नव्हती. काळजी होती ती यांचीच. घरी बसलेला माणूस पंख्याचा आवाज ऐकायला लागतो, मग दूधवाल्याशी हुज्जत घालायला लागतो, मग बायकोनं भाजी कशी चिरावी ते सांगायला लागतो. हे तिसऱ्या पायरीवर पोचले होते.

त्यांच्या जुन्या खात्यात एक इंजिनियर होता, नागपूरहून नोकरीसाठी इंदूरला आलेला. एकटा राहायचा, संध्याकाळी करायला काही नाही, म्हणून एका खेळाच्या नादाला लागलेला. त्यानं यांना तिथे नेलं. तिथे म्हणजे कुठेच नाही. कॉम्प्युटरवर एक शहर असतं. रस्ते, सिग्नल, इस्पितळ, शिवाय समुद्रसुद्धा. इंदूरच्या माणसाला समुद्राची हौस फिटायला तेवढाच मार्ग. त्या शहरात प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं. कुणी पोलीस, कुणी डॉक्टर, कुणी टॅक्सीवाला, आणि चोर तर पैशाला पासरी. कानाला हेडफोन, तोंडापुढे माईक, आणि त्या सोंगाच्या तोंडून एकमेकांशी बोलायचं. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. फक्त राहायचं. जिथे राहतात तिथे शेजाऱ्याशी बोलायला या लोकांना वेळ नाही, आणि जिथे कुणीच राहत नाही तिथे रोज हजर.

शहर मुळात परदेशी धाटणीचं, ताडाच्या झाडांचं. त्यात आमच्या माळव्यातल्या मंडळींनी एक गल्ली इंदूरच्या सराफ्यासारखी उभी केली होती, रात्री सोन्याची दुकानं मिटली की खाण्याची लागतात तशी. ओटे, पाट्या, पिवळे दिवे, सगळं. खरा सराफा घरापासून रिक्षानं पोचण्याइतका जवळ आहे, पण तिथे गर्दी असते ना.

या शहरात धंदा काढायची साथ होती. सोंगांना भूक लागते, त्यांच्या गाड्या बिघडतात, त्यांना कपडे लागतात, म्हणून तिथे हॉटेलं, गॅरेजं, दुकानं. ज्यानं आयुष्यात टपरी चालवली नाही तो तिथे 'फाउंडर' होता. उद्घाटनाला सगळं शहर लोटायचं, फटाके उडायचे, भाषणं व्हायची, आणि मग पुढे मालक एकटाच काउंटरमागे उभा. जाणार कोण, आणि कशाला? वकिलाच्या ऑफिसला खटले नव्हते. इव्हेंट कंपनीनं एकच इव्हेंट केला, तो म्हणजे स्वतःचं उद्घाटन. शहर चालवणारी तीन माणसं होती, त्यांना सगळे 'मॅनेजमेंट' म्हणायचे. तिघंही आपापल्या घरात बसलेली. एकाच्या मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या. पण बोलायला लागले की जसा काही देशाचा कारभार त्यांच्याकडे. जागा ओस पडली की ते येऊन ती काढून घ्यायचे आणि दुसऱ्याला द्यायचे. याला ते 'रिव्ह्यू' म्हणत. मग दुसरा येऊन नवी पाटी लावायचा.

अशा ठिकाणी आमच्या यांनी हॉटेल काढायचं ठरवलं.

मी हसले नाही. खरं तर हसायचं होतं, पण यांचा मागचा इतिहास मला पाठ आहे. नोकरीत असतानाच यांनी पाण्याच्या फिल्टरची एजन्सी घेतली होती. फिल्टर शेवटी नातेवाइकांच्या लग्नात आहेर म्हणून गेले. मग लग्नपत्रिका छापायचं काढलं, तोवर लोक मोबाइलवर आमंत्रणं धाडायला लागले. मग आमच्या इंदूरच्या लालबागच्या मैदानावरच्या जत्रेत मेतकूट, गोडा मसाला आणि भाजणीचा स्टॉल लावला. मेतकूट म्हणजे काय हे समजावून सांगताना इंदूरच्या त्या बायका यांच्याकडे अशा बघत होत्या की हा माणूस अंगारा विकतोय. शेजारच्या स्टॉलवर लोणचं विकणाऱ्या बाईपाशी रांग, आणि आमच्याकडे रांग लावण्यासाठी बांधलेली दोरी. हो, यांनी दोरी बांधली होती. टोकनही छापली होती. जत्रा संपली त्या दिवशी डबे भरता भरता हे म्हणाले, "एकदा, बस एकदा, माझं काहीतरी चाललेलं मला बघायचंय गं." एवढं बोलून डब्यांची झाकणं लावत राहिले. मला त्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून रागही आला. नवऱ्याची कीव करायला कुणाला आवडतं?

म्हणून त्या खोट्या हॉटेलाला मी नाक मुरडलं, पण अडवलं नाही. म्हटलं, निदान इथे मसाला शिळा तर होणार नाही.

हॉटेलाचं नाव इंग्रजी होतं, तीन शब्दांचं, आणि त्यातला एकही शब्द खाण्याशी संबंधित नव्हता. त्या सराफ्यासारख्या गल्लीत, पिवळ्या दिव्यांच्या ओळीत, यांनी राखाडी काचांचं दुकान बांधून घेतलं. आत कचोरी मिळायची, पण ती काचेतून बघितल्यावर दातांच्या दवाखान्यात शिरल्यासारखं वाटायचं. यांनी सोंगही तसंच घेतलं होतं: मिशीवाला, सूटबूट घातलेला, पोट नसलेला. पोट नसणं हा त्यातला सगळ्यात मोठा खोटेपणा.

मग यांनी नोकर ठेवले. खरीच माणसं, त्या शहरात हौसेनं आलेली. एक देवासचा बँकेतला कारकून, एक उज्जैनची दातांच्या डॉक्टरकीची विद्यार्थिनी, आणखी दोघं-तिघं. दिवसभर पिचून आल्यावर जरा गंमत करू म्हणून ती आली होती. यांनी त्यांना गणवेश दिला. संध्याकाळी साडेसातला हजेरी. उशीर झाला की कारण सांगायचं. रविवारी 'मीटिंग'. तेव्हा हे स्पीकर लावायचे, मी स्वयंपाकघरातून ऐकायची. देवासचा कारकून म्हणायचा, "सर, आज लेट हो गया, बॉस ने रोक लिया था." हे करड्या आवाजात विचारायचे, "कौन से बॉस ने?" एकदा ती मुलगी म्हणाली, "सर, मुझे दो दिन की छुट्टी चाहिए." यांनी कारण विचारलं. ती म्हणाली, "सर, सच में परीक्षा है." यांनी सुट्टी दिली, पण म्हणाले, पुढच्या वेळी आधी सांगायचं. मी कपाळाला हात लावला.

"अहो," मी म्हटलं, "ती काय तुमच्याकडे पोट भरायला येतात का? खेळायला येतात ना?"

"तुला नाही कळत ते," हे म्हणाले. "डिसिप्लिन नाही राहिलं तर धंदा कैसे चलेगा? सिस्टीम लागते."

सिस्टीम लागली आणि नोकर पांगले. एकेक करून सगळ्यांचे आजीआजोबा आजारी पडले. राहिले फक्त हे. गिऱ्हाईक यायचं, काउंटरवरच्या पाटीवर बोट ठेवायचं, कचोरी आपोआप पुढ्यात यायची, त्याची भूक भागायची, ते निघून जायचं. एक शब्द बोलायची गरज नव्हती, कारण यांनी ती गरजच ठेवली नव्हती. लोक ज्या शहरात केवळ बोलायला येतात तिथे यांनी न बोलता जेवायची सोय केली. यापेक्षा यंत्र बरं. मॅनेजमेंट येऊन सांगून गेली, जागा अशीच ओस राहिली तर पुढच्या रिव्ह्यूला काढून घेऊ. हे त्या दिवशी जेवताना दोनदा मीठ मागून बसले, आणि मीठ पुढ्यातच होतं.

त्यानंतर एका संध्याकाळी गॅसवाला आला. हे सिलिंडर बघायला दाराशी गेले. जाताना म्हणाले, "बस जरा इथे. कुणी आलं तर फक्त नमस्ते म्हण." मी बसले, हेडफोन लावला. समोर गल्ली दिसत होती. तेवढ्यात एकजण मोटारसायकल घेऊन थेट ओट्याला लागून उभा राहिला आणि गाडी सुरूच ठेवून कचोरी घ्यायला लागला. इंजिनाचा आवाज थेट माझ्या कानात.

माझं डोकं फिरलं. "गाड़ी बंद करो पहले," मी म्हटलं. "घर में भी इंजन चालू रखके खाते हो क्या?"

तो दचकला असावा. मिशीवाल्या, सूट घातलेल्या माणसाच्या तोंडून एका बाईचा आवाज. पण त्यानं गाडी बंद केली. "सॉरी आंटीजी," म्हणाला. कचोरी खाल्ली आणि हातातला दोना, म्हणजे कागदी द्रोण, तिथेच खाली टाकला. तशी सोय होती म्हणे, एक बटण दाबलं की हातातली वस्तू खाली पडते.

आता इंदूरच्या बाईसमोर रस्त्यावर दोना टाकायचा? सकाळी गाणं वाजवत कचरागाडी आली की आम्ही दोन डबे घेऊन पळणारी माणसं. ओलं वेगळं, सुकं वेगळं, आणि एक केळ्याची साल चुकून सुक्यात गेली तर गाडीवाला चारचौघांत सुनावतो. मी त्या सोंगाला म्हटलं, "उठाओ. अभी के अभी उठाओ. बाहर से आए हो क्या?"

"नहीं आंटीजी, यहीं के हैं," तो म्हणाला. "इंदौर के ही हैं."

"फिर तो और शरम की बात है."

त्यानं दोना उचलला. टाकायला कुठे डबा नव्हता. तो दोना हातात धरून तसाच उभा राहिला, आणि मी त्याला उभा ठेवला, हे येईपर्यंत. हे आले, त्यांनी ते दृश्य बघितलं आणि घाईघाईनं माझ्या कानावरचा हेडफोन काढून घेतला. गिऱ्हाईक हातचं घालवलंस म्हणून माझ्यावर चिडले.

दुसऱ्या संध्याकाळी तोच मोटारसायकलवाला चार मित्रांना घेऊन आला. यांनी मोठ्या अदबीनं "वेलकम" म्हटलं. तो म्हणाला, "अंकल, आंटीजी हैं क्या? इनको भी डाँट पड़वानी है."

इथून पुढे जे झालं ते मला आजही मूर्खपणाचं वाटतं. मी ऑफिसातून यायची, चहा घ्यायची, आणि यांच्या शेजारी दुसरी खुर्ची ओढून, दुसरा हेडफोन लावून लोकांना बोलायला बसायची. शर्टाची बटणं लावा. जेवताना फोनवर बोलू नका. पोलिसाचं सोंग घेतलेला एकजण रांग मोडून पुढे आला, त्याला मी शेवटी धाडला. सगळ्या गल्लीनं टाळ्या वाजवल्या. नागपूरच्या त्या इंजिनियरनं दोन डबे बनवून ओट्यापाशी ठेवले, एक हिरवा, एक निळा. दोना निळ्यात, उरलेली चटणी हिरव्यात. नसलेली चटणी! आणि लोक रांग लावून ती टाकायचे. चुकीच्या डब्यात टाकलं की मागची माणसं ओरडायची, "भिया, गीला उधर, आंटी देख री हैं." दूरदूरच्या गावची माणसं हटकून चुकीच्या डब्यात टाकायची, का तर बोलणी बसावीत म्हणून. आई फोन करते तेव्हा दोन मिनिटांत "बिझी आहे" म्हणून ठेवणारी ही माणसं, आणि माझी बोलणी खायला अर्धा तास उभी. मी हे त्यांना तोंडावर सांगितलं. एकजण खरंच लगेच गेला, आईला फोन करून परत आला आणि म्हणाला, "आंटीजी, हो गया." मला बरं वाटलं, हे मी नाकारत नाही. पण त्याला सांगितलं की रोज करायचा, मला दाखवायला नाही.

गेलेले नोकर परत आले. कुणी बोलावलं नाही, हजेरी नाही, गणवेश नाही. देवासचा कारकून आपणहून डब्यांपाशी उभा राहून लोकांची झडती घ्यायला लागला. हॉटेल भरलं.

आणि या सगळ्यात हे कुठे होते? माझ्या शेजारी. माऊस यांच्या हातात असायचा, मला ते नीट चालवता येत नाही. मिशीवाला त्यांचा, हात त्यांचे, आवाज माझा. येणारा प्रत्येक जण आधी एकच विचारायचा, "अंकल, आंटी कब आएँगी?" मी ऑफिसातून पोचले नसेन तर हे माईकवर म्हणायचे, "बस आती ही होंगी." आणि हसायचे. ते हसू पलीकडच्या कुणाला दिसत नव्हतं. मला दारातून दिसायचं. तोंड हसायचं, आणि माऊसवरचा हात तसाच पडलेला. मी चपला काढता काढता बघायची आणि मुद्दाम आत जाऊन पाणी पीत बसायची, म्हणजे त्यांना आणखी थोडा वेळ दुकान एकट्याला मिळावं. त्या वेळात कुणी कचोरी घ्यायचं नाही, सगळे बाहेर उभे राहायचे.

मॅनेजमेंटचा रिव्ह्यू झाला. यावेळी स्तुती. एंगेजमेंट फार छान आहे म्हणाले. पण कुकरवाल्या साहेबांना राहवेना. शहाणपण फुकट वाटायला मिळतं तेव्हा ते वाटल्याशिवाय अशा लोकांना अन्न पचत नाही. "अंकल, एक बात है," ते म्हणाले. "ये पूरा एक बंदे पे टिका है. सस्टेनेबल नहीं है. मैडम बीमार पड़ गईं तो? सिस्टम बनाइए."

हा शब्द यांच्या कानावर पडायला नको होता.

पुढच्या रविवारी दुपारी जेवण झाल्यावर यांनी खिडक्या लावल्या, पंखा बंद केला आणि माझ्यापुढे माईक ठेवला. "बोल," म्हणाले.

"काय बोलू?"

"तेच. गाड़ी बंद करो. गीला इधर, सूखा उधर. तेरा आवाज भरून ठेवतो. गिऱ्हाईक बटन दबाएगा, आवाज येईल. तुला रोज बसायला नको. थकून येतेस."

"अहो, पण कुणाला बोलू? समोर कुणी नाही."

"समज की कुणी आहे."

घामाघूम होऊन मी भिंतीकडे बघून ओरडले. यांनी प्रत्येक वाक्य पुन्हा म्हणायला लावलं, राग नीट येत नाहीये म्हणाले. शेवटी आला तो राग भिंतीचा नव्हता. मग यांनी पाटी केली: साधी डाँट, मीडियम डाँट आणि स्पेशल, जीरावन मार के, म्हणजे पोह्यांवर भुरभुरतात तो इंदुरी मसाला टाकून. खाली लाल बटणं. मी म्हटलं, हे चालणार नाही. हे म्हणाले, "तुला माझं कधी काय चालणार वाटलंय?" 

पहिले काही दिवस लोक हसले. बटण दाबायचे, माझा आवाज यायचा, हसायचे, पुन्हा दाबायचे. चालत आलेल्या माणसाला माझा आवाज सांगायचा, गाडी बंद करो. बायकांना सांगायचा, शर्टाची बटणं लावा. एकजण चुकीच्या डब्यात दोना टाकून कितीतरी वेळ वाट बघत उभा होता. मशीन काही बोललं नाही, कारण त्यानं बटण दाबलं नव्हतं. मी शेजारी बसून बघत होते. एकदा न राहवून बोलले तर तो म्हणाला, "ये तो नया रिकॉर्डिंग है, मस्त है." त्यानंतर मी खुर्ची आत नेऊन ठेवली. मी खरी आहे हे पटवून द्यायला मी काय त्या लोकांपुढे हात जोडणार होते?

हॉटेल पुन्हा ओस पडलं. बटणं नीट चालत होती, बिघाड म्हणून काही नव्हता. हे रोज साडेसातला काउंटरमागे उभे राहायचे. कुणी नसलं तर स्पीकर लावून स्वतःच स्पेशल बटण दाबून बघायचे, आवाज येतो ना म्हणून. स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना मला बाहेरच्या खोलीतून माझाच आवाज ऐकू यायचा, कुणावर तरी डाफरणारा. मला रडू आलं असतं, पण राग आधी आला.

शेवटच्या रिव्ह्यूला मॅनेजमेंटची तिन्ही सोंगं गल्लीत येऊन उभी राहिली. संध्याकाळची वेळ होती. हे कॉम्प्युटरपुढे सरळ बसले होते, शर्ट घालून. समोरच्यांना दिसणार नव्हता तरी. मला म्हणाले, तूही हेडफोन लावून बस. कुकरवाले साहेब फार गोड बोलले. जागा परत घेत आहोत, गाड्यांच्या शोरूमला द्यायची आहे. यांनी "जी, ठीक है" म्हटलं. मग साहेब म्हणाले, "मैडम हैं क्या लाइन पे?"

मी हो म्हटलं.

"मैडम, लोग आपको बहुत पूछ रहे हैं. गल्ली का कोने वाला ओटा खाली है. वो आप ले लीजिए. आपके नाम से. अंकल का तो नियम से अभी नहीं हो सकता, उनका एक बंद हुआ है."

क्षणभर मला गुदगुल्या झाल्या, मग साहेबांच्या त्या 'उनका एक बंद हुआ है' वर तळपायाची आग मस्तकात गेली. कुकर लावून बसलेला माणूस माझ्या नवऱ्याला नापास करतो, आणि माझ्याकडून आशा करतो की मी लाजत ओटा घेईन? मी म्हटलं, "हमारे यहाँ दुकान इनके नाम से चलेगी, नहीं तो नहीं चलेगी. नहीं चाहिए आपका ओटा." आणि हेडफोन काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, झकास बोलले. मला वाटलं, हे निदान आज तरी माझ्याकडे बघून हसतील.

यांनी माईक बंद केला. आपला हेडफोन उतरवून माझ्याकडे वळले. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसानं माझ्यावर आवाज चढवलेला मला आठवत नाही. त्या दिवशीही चढवला नाही.

"तुला कुणी सांगितलं नाही म्हणायला?" म्हणाले. "माझ्यासाठी म्हणालीस ना? मी जिंदगीभर दारोदार जागा मागत फिरलो. एकानं कधी, लो भाईसाब, असं म्हटलं नाही. तुला आपणहून देत होते. ते तू असं झटकलंस. मेरी दया खातेस? दया नको गं मला. मला चाललेलं बघायचं होतं. माझं नाही चाललं, तुझं चाललं. ते तरी बघू दे ना."

 त्यांनी हेडफोन कानाला लावला, माईक सुरू केला आणि घसा साफ केला.

"सर, मैं बोल रहा हूँ. मैडम थोड़ा गुस्से में थीं. वो लेंगी ओटा. हाँ, उन्हीं के नाम से."

पलीकडून काहीतरी विचारलं असावं, कारण हे म्हणाले, "हाँ हाँ, नया कैरेक्टर बना दीजिए. नाम बता रहा हूँ, लिखिए."

लग्न झाल्यापासून गॅसच्या पुस्तकावर, मतदार यादीत, रेशन कार्डावर माझं नाव तीन शब्दांचं आहे आणि मधला शब्द यांचा आहे. इथले लोक दोनच लिहितात, म्हणून बँकेत असो, दवाखान्यात असो, हे खिडकीशी अडून बसतात: पूरा लिखिए, बीच में मेरा नाम आएगा. त्यावरून मी त्यांची किती वेळा टर उडवली असेल.

त्यांनी माझं नाव सांगितलं, आणि त्याला लागूनच आडनाव सांगितलं. मधलं गाळलं.